चौथा डबा

फिरक्यांच्या घरात सरकत्या डब्यांवरून पहिली कुरबुर झाली ती भातावरून, आणि ती केली अप्पांनी. जेवायला बसून डबा उघडतात तो भाताचा कप्पा कालच्यापेक्षा बोटभर अरुंद. अप्पांनी चष्मा पुसला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि सुनेला हाक मारली. त्यांची सारी उमर दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेली. यंत्राने आपल्याला न विचारता काही करावं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. हर्षदाने शांतपणे सांगितलं, की काल नेहेत्यांच्या साखरपुड्यात तुम्ही बासुंदी वाटीने नाही, पेल्याने प्यायलात, ते याला कळलेलं दिसतंय. अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने घास घेतला. चहाडखोर मेला, एवढंच ते डब्याला म्हणाले.

त्या वर्षी भुसावळातल्या बऱ्याच घरांत हे डबे आले होते. जळगावच्या एका आहार संशोधन केंद्राचा तो प्रयोग होता. जादू वगैरे काही नव्हती. कप्प्याकप्प्यांचा डबा ही मुळात जपान्यांची रीत, बेन्तो म्हणतात ते त्याला. त्यामागचं शहाणपण साधं आहे. माणसाच्या पोटाआधी त्याचे डोळे जेवतात. मोठ्या ताटात थोडंसं वाढलं की त्याला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं, आणि तेवढंच अन्न लहान कप्प्यात गच्च भरून दिलं की तोच माणूस समाधानाने ढेकर देतो. शिवाय पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दोन पोळ्या आत गेलेल्या असतात.

केंद्राने या जुन्या रीतीला नवं कलम केलं होतं. प्रत्येक डब्याबरोबर एक चमचा होता आणि चमच्याच्या खोलगट भागात एक पातळ पापुद्रा. तो लाळेतली साखर वाचायचा, भूक लागल्याची नि पोट भरल्याची रसायनं वाचायचा, घास मोजायचा, आणि ही सगळी बातमी डब्याला पोचवायचा. डब्यातल्या भिंती विशिष्ट धातूच्या तारांवर बसवलेल्या होत्या. अशा तारेला जराशी ऊब दिली की ती आपला ठरलेला आकार आठवून आखडते. रोज पहाटे डबा आपला हिशेब करायचा, तारांना ऊब द्यायचा आणि भिंती सरकायच्या. ज्याची साखर चढली त्याचा भाताचा कप्पा आकसला नि काकडी-टोमॅटोचा फुगला. माणसाने डोकं चालवायचं नाही, कप्पा भरायचा. आपल्याकडे डोकं चालवून खाणाऱ्यांचं काय होतं ते आपण लग्नकार्यांत पाहतोच.

हर्षदाला डबे आल्याआल्या आवडले. ती मालगाडीवर लोको पायलट होती. आज मनमाड, उद्या बडनेरा, परवा कुठे ते रेल्वेलाच ठाऊक. ज्या दिवशी सुट्टी मिळेल तो तिचा रविवार, आणि त्या दिवशी ती आठवड्याची सगळी तयारी करून ठेवायची. मटकी भिजत घालून मोड आणायची, गिलकी नि दोडकी चिरून ठेवायची, शेंगदाण्याचा कूट, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, ठेच्याची बरणी. नव्या डब्याची मांडणीही तिने आपल्या ताटासारखी करून टाकली. डावीकडे चटणी, लिंबू, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात-भाकरी. मग रोज भरताना आधी अप्पांचा डबा, मग नवऱ्याचा म्हणजे सुयोगचा, मग कॉलेजात जाणाऱ्या लेकीचा, जुईचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा. हा क्रम तिला कुणी सांगितला नव्हता. तिच्या आईचाही तोच होता.

डबे लागू पडले. सुयोगची साखर उतरली, त्याच्या पँटी सैल झाल्या आणि तो बँकेत उगाच जिना चढून जायला लागला. अप्पांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आलं. जुई कबड्डी खेळायची, तिच्या डब्यातला उसळीचा कप्पा असा रुंदावला की ती स्वतःच म्हणायला लागली, पुरे आता. एकटा हर्षदाचा डबा मात्र उलट्या वाटेने निघाला. दर आठवड्याला भिंती आत. भाताचा कप्पा इतका आकसला की त्यात भात घालायला तिला चटणीचा चमचा लागे. ती तेवढंच खायची आणि तरी युनिफॉर्म कमरेत घट्ट होत होता.

आणि नेमक्या त्याच वेळी तिची वार्षिक वैद्यकीय तपासणी आली. इंजिन चालवणाऱ्याची नजर, कान, हृदय, साखर सगळं तपासतात, आणि ते बरोबरच आहे. मागे हजारो टन कोळसा घेऊन जाणाऱ्या माणसाला मध्येच घेरी आली तर कसं चालेल? तिची तीन महिन्यांची सरासरी साखर हद्दीच्या पार गेली होती. डॉक्टर जुने ओळखीचे. त्यांनी तिला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, की अजून तीन महिने देतो, तेवढ्यात आकडा खाली आला नाही तर इंजिनवरून उतरावं लागेल. ऑफिसात काम मिळेल, पगारही फारसा बुडणार नाही.

पगाराचं कुणाला पडलं होतं! हर्षदा बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिला रडू फुटलं. लोको पायलट व्हायचं म्हणून तिने घरी किती वाद घातले होते, किती जणांनी तोंडं वाकडी केली होती. पहाटे सिग्नल हिरवा झाला की हाताखाली ते प्रचंड धूड हळूच हलायला लागतं, तो क्षण तिचा होता. घरात ती सून होती, बायको होती, आई होती. तिथे ती हर्षदा फिरके होती, आणि ते सोडून तिला कुठल्या तरी खुर्चीत बसायचं नव्हतं.

तिने संशोधन केंद्राला फोन करून यथेच्छ झापलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर ऋतुजा सपकाळे घरी हजर. तिशी-पस्तिशीची, हसरी, चपला दारात काढून सरळ स्वयंपाकघरातच आली. ती म्हणाली की तुमचा डबा बिघडलेला नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही. निम्म्या घरांत हेच दिसत होतं. घरातले सगळे डबे सुधारत जातात आणि एकच उलटा जातो, तो बहुतेक करून चाळिशी ओलांडलेल्या बाईचा. ऋतुजाला वाटत होतं की या वयात बायकांच्या शरीरात अन्न जाळण्याचा वेग काही वेगळ्याच कारणाने मंदावत असावा. त्यावर तिचा निबंधही अर्धा लिहून झाला होता, आणि एका गोळीची चाचणी घ्यायचं ठरत होतं.

मग तिने विचारलं, डब्याबाहेर काही खाता का? हर्षदा ताडकन म्हणाली, देवाशप्पथ नाही. एक घास नाही. आणि मंडळी, ती खोटं बोलत नव्हती. तिला स्वतःला तसंच वाटत होतं. ऋतुजानेही विश्वास ठेवला.

खरं काय ते बाहेर आलं एका बट्टीपायी. खानदेशात वरण-बट्टीचा बेत म्हणजे काय सोहळा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्या दुपारी ओव्हनमधून बट्ट्या काढताना हर्षदाची उजव्या हाताची बोटं चांगली पोळली. जुईने मलम लावून पट्टी बांधून दिली. डबे भरले, जेवणं झाली, हर्षदानेही आपले ते चिमणीचे घास खाल्ले. मंडळी उठून गेली आणि ती नेहमीप्रमाणे ओटा आवरायला लागली. पातेल्यात वरण उरलं होतं, तुपात बुडालेल्या दोन बट्ट्या होत्या, वांग्याच्या भाजीची कढई तळाशी खरपूस झाली होती. एरवी तिने बोटांनीच पुसून घेतलं असतं. आज पट्टी होती. म्हणून तिने हाताला लागला तो चमचा उचलला, आणि तो निघाला तिच्याच डब्याचा.

ती उभ्या उभ्या खात होती. डोक्यात उद्याच्या बडनेऱ्याच्या गाडीचा विचार. कढई स्वच्छ झाली, पातेलं स्वच्छ झालं, आणि ओट्यावरच्या डब्याने टुणकन आवाज केला. झाकणावर अक्षरं उमटली होती. आजचं दुसरं दुपारचं जेवण पूर्ण. पहिल्यापेक्षा मोठं.

हर्षदाने झाकणाकडे पाहिलं, मग कढईकडे पाहिलं. अगं बाई, ती स्वतःशीच म्हणाली, आणि ओट्याला टेकली.

कारण ते खाणं आहे हे तिला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. ते ओटा आवरणं होतं. भांडी घासायला टाकण्याआधी पुसून घ्यायची असतात, तसंच. बसून खाल्लं तर जेवण. उभ्याने, बोटाने, पातेल्यातून खाल्लं ते जेवण कसलं? अन्न टाकायचं नाही हे तर बाळकडूच. आणि उरायचं तर रोजच. चौघांचा स्वयंपाक चौघांपुरता करायचा नसतो, अवेळी कुणी दारात उभं राहिलं तर काय त्याला तोंड दाखवणार? म्हणून एक मूठ जास्तीची घालायची. पूर्वी ती मूठ 'घ्या हो थोडं' म्हणत सगळ्यांच्या पानांत जिरून जायची. डबे आले आणि सगळ्यांचं 'घ्या हो थोडं' बंद झालं. त्या तिघांच्या पोटातून जे वाचलं ते कुठे गेलं म्हणता? ज्या बाईने सगळ्यात शेवटी डबा भरला तिच्या पोटात. साखर चढली की बिचारा डबा तिचा कप्पा लहान करायचा, ती त्यामुळे भुकेली राहायची, आणि भुकेलीचा हात पातेल्यात आणखी खोल जायचा.

आधी तिला मनापासून हसू आलं. मग राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

तिने कुणाला न सांगता उपाय करून पाहिले. पहिला उपाय, मोजून शिजवायचं. चौघांपुरते तांदूळ मापाने काढले, धुतले, आणि कुकर लावताना पाहते तो तिच्या हाताने तिला न विचारता आणखी मूठभर घातलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मालगाडी हाताच्या इशाऱ्यावर थांबवणाऱ्या बाईला स्वतःचा हात थांबवता येईना. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवावं तर दुसऱ्या दिवशी ते शिळं पुन्हा तिच्याच वाट्याला. दुसरा उपाय, सरळ टाकून द्यायचं. पण त्यांच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर खत करणारं यंत्र होतं, ते प्रत्येक घराचा ओला कचरा तोलायचं, शिजवलेलं अन्न वेगळं ओळखायचं, आणि कुणी किती अन्न टाकलं ते जिन्याजवळच्या फलकावर झळकवायचं. फिरक्यांचा आकडा पहिल्यापासून शून्य. सोसायटीचे अध्यक्ष कोण, तर आपले अप्पा. हर्षदाने काळजावर दगड ठेवून वरण-भात टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फिरून आले ते पडलेल्या चेहऱ्यानेच. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावापुढे आकडा आला म्हणाले. चहा पण घेतला नाही.

म्हणजे एक यंत्र सांगतं, जास्त खाऊ नका. दुसरं सांगतं, टाकू नका. आणि दोघांच्या मध्ये उभी हर्षदा. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले दिवस सरायला लागले होते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चौघं जेवायला बसले. जेवणं आटोपली आणि सुयोग उठायला लागला, तसं हर्षदाने त्याला थांबवलं. ती आत गेली, भाताचं पातेलं, भाजीची कढई आणि वरणाचा टोप बाहेर आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. एका माणसाचं भरपेट जेवण उरलं होतं.

तिने जे होतं ते सांगितलं. रोज हे कोण खातं ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. इंजिन सुटण्याची भीती तिने घरात आजवर बोलून दाखवली नव्हती, तीही आज सांगून टाकली. जुईच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा टेबलाकडे बघत राहिले. त्यांना आपली बायको आठवत असावी. तीही जाडजूड होती, आणि काही न खाता कशी फुगते म्हणून अख्खं घर तिची थट्टा करायचं. अप्पाही करायचे.

हर्षदा म्हणाली, "आजपासून मी उभ्याने खाणार नाही. उरलं तर ते चौघांचं. इथेच वाटून संपवायचं."

सुयोग चांगला माणूस होता, पण त्याच्या तोंडून पटकन गेलं, "अगं, पण माझा डबा मला जास्तीचं खाऊ देत नाही."

"माझा तरी कुठे देत होता?"

सुयोग उठून आत गेला. त्याने आपला चमचा धुऊन आणला आणि पातेलं स्वतःकडे ओढलं. भाताचे चार वाटे केले. अप्पांनी आपला डबा पुढे केला. जुईने कढईचा खरपूस तळ मिळावा म्हणून भांडण काढलं आणि अप्पांनी नातीला तो देऊन टाकला. हर्षदा खुर्चीवर बसून होती. आपल्या घरात आपण उरलेलं खायला बसून आहोत आणि वाढतंय दुसरंच कुणी, याचं तिला इतकं नवल वाटलं की घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही डब्यांच्या भिंती केसभर आत सरकल्या. अप्पांनी भाताचा कप्पा पाहिला, एक सुस्कारा सोडला, पण तक्रार केली नाही.

खरी गंमत पुढच्या सुट्टीला झाली. तोवर उरलेल्याची कुणाला पर्वा नव्हती, कारण ते कुणाच्याच पोटात जात नव्हतं, म्हणजे तिच्या जात होतं. आता ते प्रत्येकाच्या भिंतीपर्यंत पोचायला लागलं होतं. हर्षदाने तांदूळ काढले आणि तिचा हात सवयीने पुन्हा तांदळाच्या डब्यात गेला, तर मागून सुयोग आला आणि म्हणाला की ती मूठ राहू दे, कुणी आलं तर पोहे करू, ते मी करीन. अप्पा बाहेरून ओरडले, बट्ट्या मोजून घे गं. जुईने भाजीचं वांगंच कमी केलं. पातेल्यात उरणं घटत घटत चार चमच्यांवर आलं. एकदा तर पातेलं अगदी रिकामं निघालं, आणि हर्षदा त्याकडे टकामका पाहत राहिली. आपल्या घरात काही कमी पडलं असं तिला वाटायला हवं होतं, पण तिला फक्त हलकं वाटलं.

मुदत संपल्यावर डॉक्टरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, जा, इंजिनवर जा. आकडा हद्दीच्या चांगला आत होता. हर्षदाने त्यांना पेढे देते म्हटलं, आणि दोघंही हसले.

त्याच आठवड्यात ऋतुजाचा फोन आला, एकदम धावत्या आवाजात. फिरक्यांच्या घरातला उलटा गेलेला डबा सुलटा झाला होता. बाकीच्या तिघांचे आकडे थोडे वर गेले, मग तेही जागेवर आले. अख्ख्या प्रयोगात असं दुसरं घर नव्हतं. तिने विचारलं, "ताई, कोणतं औषध घेतलंत तुम्ही?"

"औषध नाही हो. उरलेलं वाटून खाल्लं."

मग हर्षदाने तिला सगळं सांगितलं, पट्टी बांधलेल्या बोटांपासून. ऋतुजा हळूच म्हणाली की घरात तिचाही एक डबा आहे, आणि तोही गेले काही महिने आखडत चाललाय. बाळंतपणानंतर असंच असतं, असं ती स्वतःची समजूत घालत होती. आत्ताच मुलाच्या ताटलीतला शिरा पुसून खाल्ला, तो हातही अजून धुतला नव्हता.

दोन दिवसांनी हर्षदा मनमाडला रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रामगृहात होती. परतीची गाडी लागायला अजून वेळ होता आणि ती आपल्या डब्यातली मेथीची भाजी चवीने खात होती. फोन वाजला. ऋतुजाच. आवाज अगदी खाली आणलेला, घरातल्या कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"ताई, मी आत्ता पातेलं टेबलावर आणून ठेवलंय. सगळं सांगून टाकलं. सासूबाई, हे, सगळे माझ्याकडे बघतायत. आता पुढे काय करायचं?"

हर्षदाला हसू आवरेना. तिने आपला घास गिळला आणि म्हणाली, "काही करू नका. खुर्ची ओढा आणि बसा. बघा तर, कोण उठतं ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुठूनतरी लांबून एका पुरुषाचा आवाज आला, वाढायचा डाव कुठे ठेवलाय म्हणून विचारणारा. हर्षदाने फोन ठेवला, डबा धुतला आणि इंजिनकडे निघाली.